खोडकिड्याचा भाग

हर्षवर्धननं पहिलं मोठं खोटं सांगितलं ते एका कापडी उंदराबद्दल, हैदराबादेत विद्यानगरच्या डोशाच्या बंडीसमोर, म्हणजे हातगाडीसमोर, उभ्या उभ्या, पानावरची चटणी सांभाळत. साल एकोणीसशे नव्याण्णव. एकतीस डिसेंबरला जगभरचे संगणक बंद पडणार अशी बातमी होती आणि ते पडू नयेत म्हणून पुण्या-मुंबईची पोरं-पोरी हैदराबादेत गाडी भरभरून उतरत होती. हर्षवर्धन त्यांच्याच कंपनीत होता. जुन्या प्रोग्रॅममध्ये जिथं सालाचे दोनच आकडे असतील तिथं चार करायचे, हे त्याचं काम. म्हणजे मागचा काळ दुरुस्त करण्याचा त्याला पगार मिळत होता. पुढं जे झालं त्याला ही सवयही थोडी जबाबदार धरायला हरकत नाही.

पुणेकर मंडळी दिवसभर नव्या जगासाठी राबायची आणि संध्याकाळी बंडीवर जमून जुन्यासाठी उसासे टाकायची. घरोघरी साठ चॅनल आले होते, त्यामुळे सगळ्यांना एका चॅनलची आठवण येत होती. सरासरी वय सत्तावीस, पण बालपणाचा विषय निघाला की पेन्शनीत निघाल्यासारखे बोलत. त्या बालपणातलं दैवत म्हणजे ‘चुरमुरेमामांची गाडी’. मुंबई केंद्रावर दर गुरुवारी साडेसहाला लागणारा बाहुल्यांचा कार्यक्रम. त्यात चुरमुरेमामा हा कापडी फेरीवाला, त्याची हातगाडी, आणि त्या गाडीतच राहून माल खाणारा, वर मामांनाच अक्कल शिकवणारा कुरतडे नावाचा उंदीर.

या पंथाचा मुख्य पुजारी चिन्मय. त्याला कुरतडेची सगळी वाक्यं पाठ होती आणि अमेरिकेतला साहेब फोनवर असतानाही त्यातलं एखादं सुटायचं. साहेबाला वाटायचं, लाइन खराब आहे. आणि भक्तांमध्ये एक रसिका, जिच्यासाठी हर्षवर्धन गेले चार महिने भूक नसताना रोज डोसा खात होता.

त्या संध्याकाळी रसिकानं सहज सांगून टाकलं की माणूस आपला आहे का नाही हे तिला एका प्रश्नात कळतं, आणि जो आपला नाही त्याच्याबरोबर जन्म काढायचा म्हणजे रोज तळटीप देत बसायचं. मग तिनं हर्षवर्धनकडे पाहून प्रश्न टाकला.

“मामांची गाडी उतारावरून सुटते तेव्हा कुरतडे काय करतो?”

खरी अडचण अशी की हर्षवर्धन आपला नव्हता. त्याचं घराणं बिदरजवळच्या भालकीकडचं. आजोबा निजामाच्या राज्यात हैदराबादेत आले ते नल्लकुंट्यातच राहिले. वडील दत्तोबा, घरातले अप्पा, यांचं दिलसुखनगरला बी-बियाणांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. मुंबई केंद्र नल्लकुंट्यात दिसायचं नाही. तिथं साडेसहाला तेलुगूत शेतीचा कार्यक्रम लागायचा. पांढऱ्या सदऱ्यातला एक गृहस्थ ‘रैतु सोदरुलारा’ म्हणून शेतकरी बांधवांना हाक मारायचा आणि सुतकी आवाजात भातावरच्या किडी समजावून सांगायचा. दुकानाच्या दृष्टीनं ते महत्त्वाचं असल्यामुळे दत्तोबा समोर बसायचे, आणि ते बसले की घरात कुणी खोकायचं नाही. पुण्यातली मुलं कुरतडेबरोबर वाढली, हर्षवर्धन खोडकिड्याबरोबर.

तो म्हणाला, “उडी मारतो.” उंदीर असल्यामुळे एवढं तरी करत असेल असा त्याचा हिशोब होता.

“बरोबर. आधी पोतं ढकलतो, मग उडी,” रसिका म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत जी मान्यता दिसली तिच्यासाठी हर्षवर्धननं स्वतः उतारावरून उडी घेतली असती.

चिन्मयला मात्र शंका आली. हैदराबादेत हे दिसायचं कसं? तेव्हा हर्षवर्धननं दोन वर्षं पुण्यात मावशीकडे काढल्याचं सांगितलं. मावशी खरी होती, पुणंही खरं होतं. दोन वर्षं तेवढी बारा दिवसांची होती, आणि त्यातले नऊ दिवस तो कांजिण्यांनी पडद्यामागं पडून होता.

आता पुढचा प्रश्न यायच्या आत आपणच विचारलेला बरा, म्हणून त्यानं घाईघाईनं डोक्यात असलेलं एकमेव टीव्हीज्ञान बाहेर काढलं. खोडकिड्याचा भाग आठवतो का, म्हणाला. कुरतडे शेतात जातो, त्याला भाताच्या काडीत राहणारा खोडकिडा भेटतो, दोस्ती होते, आणि मग फवारणी.

तव्यावरचा डोसा करपला. हर्षवर्धननं मनातल्या मनात रसिकाचा निरोप घेतला.

“अरे हो,” प्रथमेश नावाचा एक एरवी कधीच न बोलणारा मुलगा म्हणाला. “हिरवा होता ना तो?”

आपल्याला न आठवणारं दुसऱ्याला आठवतं हे चिन्मयला सहन होण्यासारखं नव्हतं. हिरवा नाही, पिवळसर, त्यानं जाहीर केलं, आणि शेवटी गाणं होतं. कुठलं गाणं, म्हणून सगळे हर्षवर्धनकडे बघायला लागले. त्याला आठवलं ते त्यानं दिलं: “दहा लिटर पाण्यात वीस मिली.” चिन्मयनं डोळे मिटून त्याला चाल दिली. दुसऱ्या ओळीला सगळ्यांनी टाळ्या धरल्या. रसिकाचे डोळे भरून आले. आजोबांच्या मांडीवर बसून तिनं तो भाग पाहिला होता, आणि खोडकिडा मेला तेव्हा आजोबांनी तिला लिमलेटची गोळी दिली होती.

महिन्याभरात खोडकिड्याचा भाग हा त्या कार्यक्रमाचा सर्वोत्कृष्ट भाग ठरला. न्यू जर्सीहून कुणीतरी ईमेलवर लिहिलं की तो भाग पाहिल्यापासून तो जेवणाआधी हात धुतो. नाशिकच्या एकानं कळवलं की तो दोनदा दाखवला होता आणि दुसऱ्यांदा शेवट कापला होता. हर्षवर्धन आणि रसिका आता बंडीवरून वेगळे निघून बरकतपुऱ्यापर्यंत चालत जायचे. लग्नाचा शब्द अजून कुणी उच्चारला नव्हता, पण रसिका म्हणाली, पुण्याला गेले की तुझ्या मावशींना भेटून येते. हर्षवर्धननं मावशीला बहिरेपण दिलं. रसिका म्हणाली, मग मोठ्यानं बोलेन. आणि जरा चालून झाल्यावर म्हणाली, मला खोटं बोललेलं अजिबात खपत नाही. हे तिनं कशावरून काढलं ते त्याला कळलं नाही. त्या रात्री तो जेवला नाही. डोसा तर आधीच जात नव्हता.

आणि मग मराठी मंडळानं वर्धापनदिनाला साक्षात मालनबाईंना बोलावलं.

‘चुरमुरेमामांची गाडी’ ज्यांनी लिहिली, ज्यांनी बाहुल्या शिवल्या आणि ज्यांनी कुरतडेचा आवाज काढला त्या ह्या मालनबाई. सत्तरीच्या, बुटक्या, पर्स मांडीवर घट्ट धरून बसणाऱ्या. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत दत्तोबा आणि हर्षवर्धनची आई भामाबाई. दत्तोबा आजीव सभासद होते आणि कार्यक्रम कुठलाही असो, अल्पोपाहार चुकवत नसत. दोन रांगा मागं रसिका. दाराजवळ, पळायला सोयीचं पडावं म्हणून, हर्षवर्धन.

मालनबाई दहा मिनिटं गोड बोलल्या. मग चिन्मय उठला आणि सर्वांच्या वतीनं त्यानं खोडकिड्याच्या भागाची फर्माईश केली. मालनबाईंनी त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, असा भाग मी केलेला नाही.

सभागृह प्रेमानं हसलं. बाईंचं वय झालं होतं. चिन्मयनं त्यांना सगळी गोष्ट सावकाश, मोठ्या आवाजात समजावून सांगितली आणि गाणं धरलं. दीडशे माणसांनी टाळ्या वाजवत साथ केली. मालनबाई ऐकत राहिल्या.

“चाल बरी आहे,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा आठवला कुणाला?”

हर्षवर्धन दारापर्यंत पोचला होता, तिथून त्याला सन्मानानं उचलून आणण्यात आलं. मालनबाईंनी पर्समधून उंदीर काढला. एक कान गेलेला, पोटाला ठिगळ. तो त्यांनी त्याच्या पंजावर चढवला आणि हळूच म्हणाल्या, “नव्वद भाग केले. एकाचंही गाणं असं कुणाला येत नाही. करा.”

कुरतडेचा आवाज कसा असतो हे हर्षवर्धनला ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे लहानपणापासून एकच आवाज होता. त्यानं उंदीर वर धरला आणि सुतकी सुरात म्हणाला, “शेतकरी बंधूंनो.” सभागृहात हशा फुटला. तो मग थांबलाच नाही. काडी पोकळ कशी होते, लोंबी पांढरी का पडते, वाऱ्याकडे तोंड करून का फवारू नये. लोकांनी हसून हसून डोळे पुसले. रसिकाला हसताना पाहून त्याचा तोल गेला.

“दहा लिटर पाण्यात,” उंदीर म्हणाला, “चाळीस मिली.”

पहिल्या रांगेत दत्तोबा उभे राहिले. तीस वर्षं ज्यानं औषध विकलं त्याला हे बसून ऐकणं शक्य नव्हतं.

“हर्ष्या, काय बोललालास? वीस. चाळीसनं पीक जळतंय.”

मग शेजाऱ्यांचा गैरसमज राहू नये म्हणून मागं वळून त्यांनी खुलासा केला. “आमच्या टीव्हीवरचं हाय ह्ये. तेलुगूत लागायचं. ह्ये पोरगं माझ्या मांडीवर बसून बघायचं.”

कुणीतरी भीत भीत पुण्याच्या मावशीचा उल्लेख केला.

“बारा दिवस,” दत्तोबा म्हणाले. “कांजिण्या आल्या म्हणून मीच जाऊन आणलो.”

हर्षवर्धनच्या हातातला उंदीर आपोआप खाली झाला. पण चिन्मय काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो उठला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, “काका, तुमच्याकडे तेलुगूत असेल. आमच्याकडे मराठीत होता.” सुटकेच्या टाळ्यांचा कडकडाट झाला. मालनबाई पुन्हा काही बोलायला गेल्या तेवढ्यात अध्यक्षांनी त्यांना शाल पांघरली.

हर्षवर्धन बाहेर आला तेव्हा रसिका चपलांच्या ढिगापाशी उभी होती.

“दोन वर्षं?” तिनं विचारलं.

“बारा दिवस.”

“कुरतडे?”

“आज पहिल्यांदा पाहिला. तोही हातात.”

रसिका बराच वेळ आपली चप्पल शोधत राहिली. ती तिच्या पायातच होती.

“मी आईला फोनवर सांगत होते,” ती शेवटी म्हणाली. “आजोबांच्या मांडीवर बसून खोडकिडा पाहिला, गोळी दिली, सगळं. आई म्हणाली, अगं आजोबा तुझ्या बारशाच्या आधी गेले.”

“कधी म्हणाली?”

“पंधरा दिवस झाले. गप्प बसले. मांडी इतकी चांगली आठवत होती.”

आतून पुन्हा गाणं सुरू झालं होतं. या वेळी त्याला तिसरं कडवं होतं, जे हर्षवर्धननंही कधी ऐकलं नव्हतं.

“तुझा तो शेतीवाला अजून लागतो?” तिनं विचारलं.

“दुसरा माणूस आहे आता. साडेसहालाच. अप्पा बघतात.”

पुढच्या गुरुवारी ती नल्लकुंट्याला आली. भामाबाईंनी दार उघडून तोंडावर बोट ठेवलं. दत्तोबांनी पडद्यावरची नजर न काढता सोफ्यावर जरा सरकून जागा केली. भुईमुगावरचा टिक्का रोग चालला होता. रसिकाला तेलुगू येत नव्हतं आणि भुईमूग तिनं कुटाच्या रूपातच पाहिलेला होता, पण वीस मिनिटं ती पापणी न हलवता बसली. हर्षवर्धन स्वयंपाकघराच्या दारातून बघत होता.

आता शेतीच्या कार्यक्रमातही जाहिराती यायला लागल्या होत्या. पहिली जाहिरात लागल्यावर दत्तोबांनी मान वळवली.

“पुण्याकडं भुईमुगाला काय फवारतेत?”

“दहा लिटर पाण्यात वीस मिली,” रसिका तत्काळ म्हणाली.

“कशाचं?”

रसिकानं हर्षवर्धनकडे पाहिलं. हर्षवर्धननं छताकडे पाहिलं. जाहिरात संपली.

“पोरगी बरी हाय,” पडद्याकडे वळत दत्तोबा भामाबाईंना म्हणाले. “औषधाची नावं शिकवावी लागतेल.”