मनगटातली पावलं

थोरलीचं मनगट मोडलं त्याला वर्ष होत आलं, तरी अंगठ्याखालचं काजूएवढं हाड काही सांधायचं नाव घेईना. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईचा उजवा हातच रुसून बसला, तर तिनं करायचं काय? शेवटी सर्जननं एकच उपाय उरल्याचं सांगितलं: डाव्या गुडघ्यातून हाडाचा लहानसा तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसकट काढायचा आणि मनगटात बसवायचा.

"अक्कल गुडघ्यात असते म्हणतात, ताई," धाकटा भाऊ म्हणाला. "आता तुझी हातात येईल." हसण्यावारी नेत त्यानं हेही सांगून टाकलं, की सहा महिन्यांत हात चालला नाही, तर दुकानातल्या तिच्या खुर्चीवर दुसरा कारागीर बसवावा लागेल. बावीस वर्षं ती त्या खुर्चीवर बसत आली होती. "बघच तू," एवढंच ती म्हणाली.

प्लास्टर निघाल्यापासून तिनं व्यायामाचा एक दिवस चुकवला नाही. कोमट पाण्यात ओला स्पंज पिळताना डोळ्यांत पाणी यायचं, तरी ती दातओठ खाऊन पिळत राहायची. एका दुपारी टेबलावर निवांत टेकवलेलं मनगट आपोआप किंचित उचललं गेलं, खाली बसलं, पुन्हा उचललं गेलं. तिनं ते डाव्या हातानं दाबून धरलं, पण आतला जोर थांबला नाही. हा जोर तिच्या ओळखीचा होता. जिना चढताना गुडघ्यात येतो, तोच.

तिनं हे सांगितल्यावर सर्जननं एक्स-रे उजेडासमोर धरला. हाड झकास जुळलं होतं आणि नसा ताळ्यावर यायला वेळ लागतो, असं तो म्हणाला. माणूस खोटं बोलणारा नव्हता, म्हणून ती एक्स-रे घेऊन घरी आली.

ठोका ऐकला की मोजायचा, ही घड्याळवाल्यांची खोड. तिनं मोजलं. बारा पायऱ्या, थोडा विसावा, पुन्हा बारा. उतरणं कधीच नाही. ऑपरेशननंतर ती स्वतः डाव्या पायानं लंगडत होती, पण हे चढणं सरळ, एका लयीत चाललं होतं. तुकडा तिच्याच गुडघ्यातला होता, चाल मात्र तिची नव्हती. तिला भीती वाटली आणि त्याहून जास्त राग आला. जो कोण असेल त्याच्यापायी ती खुर्ची सोडणार नव्हती.

मग तिनं युक्ती काढली. एक पाऊल पडून दुसरं उचललं जाईपर्यंतच्या क्षणात चिमटा चालवायचा. दोन महिने ती त्याच तालावर हात बसवत राहिली.

ठरल्या दिवशी दुकानामागच्या खोलीत धाकट्यानं तिच्यापुढं सगळ्यांत नाजूक घड्याळ ठेवलं. पावलांच्या मधल्या फटीत तिनं एकेक स्क्रू बसवला, शेवटचं चाक बसवलं, आणि घड्याळ चालू लागलं. धाकट्यानं ते कानाला लावलं.

"जिंकलीस, ताई. खुर्ची तुझीच," तो म्हणाला आणि भिंग डोळ्याला लावून आपल्या कामात बुडाला.

तिचा ऊर भरून आला. मग तिच्या लक्षात आलं, की मनगट शांत आहे. बारावी पायरी कधीच होऊन गेली होती, पुढची पडत नव्हती. विसावा लांबतच चालला होता, जणू जिना संपला होता.

तिनं हात मांडीवर ओढून घ्यायचा प्रयत्न केला. हात जागचा हलला नाही. बोटं एकेक करून मिटली, आणि लाकडी टेबलावर दोनदा टकटक झाली.

"या," धाकटा मान वर न करता म्हणाला, "दार उघडंच आहे."