दुसरं इंजेक्शन

सुईण ठमाबाईनं आयुष्यात शेकड्यांनी बाळंतपणं केली होती. कळा सोसणाऱ्या बायांचं ओरडणं तिच्या कानांना नवं नव्हतं. पण नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, आरमोरीजवळच्या एका लहानशा दवाखान्यात, नवऱ्याचं कण्हणं ऐकून तिचा धीर सुटत चालला होता.

बापूराव धानाच्या गिरणीत हमाली करत. जुना हर्निया अडकला, आतडं काळं पडलं. डॉक्टर जाहिद यांनी पोट उघडून वीतभर आतडं कापून काढलं. ऑपरेशन निभावलं, पण तीन दिवस झाले तरी माणूस खोकत नव्हता, कूस बदलत नव्हता.

"खोकले नाई तर छातीत कफ भरंल," डॉक्टर बजावत. "बसवा त्याइले."

बसवायला गेलं की बापूराव दात आवळत. "ठमे, हात लावू नको मले!"

दर सहा तासांनी दुखण्यावर एक कडक इंजेक्शन मिळे. दोन तास गुंगी, मग पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीडला सोमारी सिस्टरनं ते इंजेक्शन दिलं आणि कागदावर लिहायच्या आतच तिला बाळंतिणीकडं धावावं लागलं. दोनला ड्युटी बदलली. नवी सिस्टर साक्षी आली. "मावशी, बाबाचं इंजेक्शन झालं का?"

बापूराव अजून कण्हतच होते. ठमाबाईच्या तोंडून निघून गेलं, "नाई दिलं, बाई."

साक्षीनं इंजेक्शन टोचलं. अर्ध्या तासात कण्हणं थांबलं. सुटला बिचारा, म्हणून तिनंही जरा डोळे मिटले. मग काहीतरी चुकल्यासारखं वाटून ती दचकली. एक श्वास आला. दुसरा येता येईना. ओठ निळे पडले होते.

"सिस्टर! धावा वो!"

डॉक्टर धावत आले, तोंडावर मास्क दाबून फुग्यानं श्वास देऊ लागले. "किती दिलं?"

"एकच, सर! मी एकच दिलं!" साक्षीनं रिकामी बाटली पुढं धरली.

आता गप्प बसलं तर सगळं या पोरीच्या माथी जाणार, हे ठमाबाईला दिसत होतं. गावात एका बाळंतपणात मूल दगावलं तेव्हा लोकांनी तिच्याकडंही असंच बोट दाखवलं होतं.

"दोन झाले, साहेब. सोमारीबाईनं आधी देल्लं होतं. मी खोटं बोलली."

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. कपाटात उताऱ्याचं एकुलतं एक इंजेक्शन होतं, ते शिरेत गेलं. श्वास परतला. आणि श्वासासोबत दुखणंही, एकदम सगळंच्या सगळं. बापूराव असे किंचाळले की ठमाबाईनं भिंत धरली.

"आता ते कडक औषध द्यायचं नाई," डॉक्टर म्हणाले.

"मंग काय असंच तडफडू देता त्याले?" ती ओरडली.

डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता. "एकाच औषधावर भागवत होतो, ते माझंही चुकलं. एक पोतं चौघांनी उचललं, त कोणाची कंबर मोडत नाई, बाई."

त्यांनी जखमेच्या कडेकडेनं बधिरतेचं औषध टोचलं. सूज उतरवणारं एक इंजेक्शन कमरेत, तापाचं, जे दुखणंही कमी करतं, ते दुसऱ्या बाजूला. कण्हायची वाट न पाहता, घड्याळ लावून हीच औषधं पुन्हा थोडी थोडी द्यायचं ठरलं.

तासाभरानं ठमाबाईनं घडी केलेली चादर नवऱ्याच्या पोटावर धरली. "खोका."

"नाई होत."

"खोका म्हणते ना!"

बापूराव रडत रडत खोकले. पिवळा, घट्ट बेडका पडला. पुन्हा खोकले.

पाचव्या दिवशी आतडं जागं झालं, वारा सरला. सातव्या दिवशी व्हरांड्यात तिच्या खांद्यावर भार टाकून ते पावलं टाकू लागले, तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

ते चालता चालता थांबले. तिला वाटलं, आता हात काढतील.

"त्या पोरीवर ढकललं नाई ना?"

"नाई."

"चाल मंग," ते म्हणाले. "हळू."