ओढ्याकडचा तुकडा

बेरिलला स्वतःचीच जमीन परत हवी होती आणि ती मागायची तिची छाती होत नव्हती.

जमीन म्हणजे घरामागे ओढ्याकडे उतरत गेलेला तुकडा. सगळ्या बागेत माती म्हणावी अशी माती तेवढ्यातच. वर सगळा मुरूम. फ्रान्सच्या क्रूझ भागातलं हे घर तिने आणि कॉलिनने निवृत्तीनंतर घेतलं, तेव्हा शेजारचा म्हातारा आर्मां त्या तुकड्यात बटाटे लावत होता. तो लावतच राहिला. यांनी विचारलं नाही. इंग्रज माणसाच्या घरात चोर शिरला तरी तो आधी त्याला चहा घेणार का म्हणून विचारील. हा तर रोज सकाळी टोपी उचलून बोलणारा शेजारी.

अशी वर्षं गेली आणि बेरिलचे गुडघे कुरकुरू लागले. मागे उंच निळे डेल्फिनियम, त्यांच्यापुढे पिओनी, असा फुलांचा लांबलचक वाफा आयुष्यात एकदा तरी करायचा, हे तिचं इंग्लंडमधल्या, लेस्टरच्या फ्लॅटपासूनचं वेड. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं.

"तू सांग ना त्याला," ती कॉलिनला म्हणाली.

"मी? मला फ्रेंचमध्ये फक्त पाव मागता येतो. दोस्त तुझा. रोज सकाळी गप्पा कोण झोडतं?"

गप्पा कसल्या, बोलणी खायची ती. आर्मां फावड्यावर रेलून तिला झापायचा. "अहो मादाम, भर उन्हात पाणी? झाडं शिजवायचीत का?" नाहीतर, "ही फुलं खायची असतात की नुसतीच बघायची?" बेरिलचं सगळं फ्रेंच त्याच्याकडूनच आलेलं. गोगलगायी, शेणखत आणि उशिराचं दंव यांवर ती तासभर बोलू शके. बँकेत मात्र बोबडी वळे.

शेवटी मार्चमध्ये तिने बाथटबमध्ये बसून एक वाक्य पाठ केलं आणि जाऊन म्हणून टाकलं. पण त्याला तिने 'जमलं तर' आणि 'आपली हरकत नसेल तर' यांचे इतके लपेटे दिले होते, की आत काय आहे ते आर्मांला दिसलंच नाही. या जमिनीतलं बाईलाही थोडं हवंय, एवढंच त्याने उचललं. दुसऱ्या दिवशी दारात टोपलीभर लीक, म्हणजे कांद्याची ती धिप्पाड पात. कॉलिन हसून हसून बेजार झाला. मग रोज लीकचं सूप.

सूप नकोसं झालं तेव्हा बेरिल स्वतःवरच चिडली. गमबूट चढवून ती खाली गेली.

"आर्मां, मला माझी जमीन हवी आहे."

म्हाताऱ्याने फावडं मातीत रोवलं.

"सुटलो बुवा एकदाचा!" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"अहो, कंबर कधीच गेलीय माझी. घरी मी एकटा. हे बटाटे खातं कोण? जावयाची डुकरं! तुम्हीच आल्या आल्या म्हणालात, सुंदर आहे, चालू ठेवा. म्हटलं, बाई एवढ्या हौसेने सांगतेय, नाही कसं म्हणायचं?"

"ते मी आपलं तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं!"

"मग तसं सांगायचं की! मेलो असतो इथेच खणता खणता."

डोळ्यांत पाणी येईपर्यंत दोघं हसली. मग त्याने फावडं पुसलं, खांद्यावर टाकलं आणि तो गेला.

वाफा झाला. जूनमध्ये डेल्फिनियम बेरिलच्या खांद्याला लागले, आणि कॉलिनसुद्धा टीव्ही सोडून बघायला आला. बेरिलला आनंद झाला, खोटं कशाला सांगा. पण सकाळी तिच्याशी बोलायला कोणी नसे. टपालवाली गाडीतून हात करी, तेवढंच. कुंपणापलीकडून आर्मांचा रेडिओ ऐकू येई आणि बेरिलला त्याची फार आठवण येई.

एका रविवारी तिने त्याला वाफा बघायला बोलावलं. तो पुढच्या फाटकाने आला, घंटा वाजवून. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात दुकानातून आणलेला, रिबीन बांधलेला केकचा खोका. वाफ्यासमोर तो हात मागे बांधून उभा राहिला. एका झाडाला काठीचा आधार द्यायचा राहिला होता, ते वाऱ्याने आडवं झालं होतं. आता झापेल, म्हणून बेरिल वाट बघत राहिली.

"फार सुंदर आहे, मादाम," तो म्हणाला.

त्याने एक पेला वाइन घेतली, हवापाण्याचं बोलला, केकचा तुकडा खाल्ला आणि उठला.

"येत जा ना अधूनमधून," बेरिल म्हणाली.

"बोलावलंत की जरूर येईन." त्याने हात मिळवला आणि फाटक नीट लावून घेतलं.

"गेले का पाहुणे?" कॉलिनने आतून विचारलं.

बेरिलला त्या शब्दाचा असा काही राग आला, की ती काठी घेऊन त्या आडव्या झाडाला आधार द्यायला निघून गेली.