दोन डाव्या पायांचा पक्षी

२०१७च्या डिसेंबरातली ती सकाळ. सहा पन्नासला निलमने डहाणूहून तलासरीची एसटी धरली, आठला शाळेची प्रयोगशाळा उघडली, खिडक्या बंद असूनही आत आलेली धूळ पुसली आणि शेवटी टेबलावरचे फडके ओढले.

फडक्याखाली मुख्याध्यापक राऊत सरांचा शोध पहुडला होता. काळ्या दगडात रुतलेला पक्ष्याचा सांगाडा. सर म्हणत, तो शाळेमागच्या डोंगरात सापडला, पंधरा कोटी वर्षांचा आहे. आज डहाणूच्या जिल्हा विज्ञान प्रदर्शनात तो मांडायचा होता आणि माहितीपत्रकावर मार्गदर्शक म्हणून निलमची सही हवी होती. शिक्षणसेवक म्हणून तिचे तिसरे वर्ष संपत आले होते. कायम करण्याची शिफारस सरांच्याच हाती.

निलमला शिसारी आली. डोंगर लाव्हारसाचा, त्यात पक्षी जळून जाईल, त्याचा जीवाश्म कसला होतो? इतक्या जुन्या पक्ष्याला दात असतात, हाडांची लांब शेपटी असते, पंखांना नख्या असतात. त्यावरून तर त्याचे डायनोसॉरशी नाते कळते. याच्याकडे फक्त हाडे चिकटवलेला डिंक होता.

केर काढायला आलेली शिपाई जिवली वाकून बघू लागली.

"बाई, कोंबडी कुणाची?"

"पंधरा कोटी वर्षांपूर्वीची आहे, मावशी."

"मग तेव्हाचा देव पण घाईत होता. दोन्ही तंगड्या डाव्याच लावल्यात."

जिवलीच्या घरी कोंबडे कापले की उजवी तंगडी सासऱ्याची. वाटे जिवलीच घालायची, आणि चुकले तर महिनाभर टोमणे. तिने दाखवले : दोन्ही पायांचे आखूड बोट एकाच अंगाला होते.

तेवढ्यात राऊत सर दारात आले. "निलमबाई, सही झाली?"

"सर, ही कोंबडी आहे. दोन्ही पाय डावे आहेत."

"मग एक मातीनं झाका. परीक्षक चहा पितील, नंबर देतील. हाडं कोण मोजतंय?"

हा माणूस खोटेपणातही आळशी होता. सोळा वर्षे विज्ञान शिकवून त्याला कोंबडीचे पायसुद्धा जमले नव्हते. पण आज शेकडो मुले ही थाप वहीत उतरवून घेणार होती, आणि खाली नाव निलमचे.

"मीच घेऊन जाते, सर," ती म्हणाली.

अकराला डहाणूच्या नोंदणी टेबलाशी तिने शाळेची प्रवेशिका मागे घेण्याचा अर्ज मागितला. कारणाच्या रकान्यात 'नमुना बनावट' लिहिले, खाली पूर्ण नावाची सही केली. मग दगड पिशवीत घालून तिने तलासरीची गाडी धरली. शेवटचा तास आठवीवर होता. तो तिने घेतला.