टाळीनंतरचा पहिला स्वर

"विचारू नको, अम्मा. लिहिलंय तेवढंच कर. तुझा हात जिथं अडेल, तिथं चूक माझी."

तुळशीला पाणी घालून सीतालक्ष्मी आत आली की रोज लेकीचा हाच आवाज कानाशी येई आणि पाय आपोआप खिडकीजवळच्या टेबलाकडे वळत. टेबलावर लॅपटॉप, त्यावर तिनंच शिवलेलं सुती झाकण. खुर्चीत कोणी नाही. आडीत, म्हणजे आषाढात, प्रीति वारली; आता मार्गळी, मार्गशीर्षाचे दिवस लागले होते. कुंभकोणमातल्या मेलकावेरीच्या गल्लीत दारोदार कोलमच्या मोठमोठ्या रांगोळ्या पडल्या होत्या आणि यांच्या दारापुढे नुसता सडा.

प्रीति तिची एकुलती एक मुलगी. चेन्नईला नोकरी करत होती. रक्ताचं दुखणं निघालं तशी कुंभकोणमला आईबापांकडे परत आली. अंगात बळ नव्हतं, पण डोकं काही स्वस्थ बसेना. संगीत स्वरलिपीत लिहायचं एक सॉफ्टवेअर आहे. त्याला मालक नाही. देशोदेशीची माणसं आपापल्या सवडीनं ते मिळून बनवतात, आणि ज्याला हवं त्यानं ते फुकट घ्यावं. त्याच्या माहितीची पानं मात्र जाणत्यांनी जाणत्यांसाठीच लिहिलेली. नवा माणूस दुसऱ्या ओळीला घाबरून पळे. अशा माणसांसाठी प्रीति तमिळमध्ये पानं लिहू लागली. या घरात बोलणं मराठी, तंजावरच्या राजांच्या वेळेपासूनचं. वाचणं-लिहिणं मात्र सगळं तमिळ. तेव्हा पानं तपासायला अम्मा घरातच होती.

त्यातून अम्माचं मौन. उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवीपर्यंत सीतालक्ष्मी बोलत नसे; लग्नाच्या आधीपासूनचा नेम तो. प्रीतीनं नेमकी तीच वेळ धरली.

"अप्पा, बघा, देवानंच धाडलेली परीक्षक आहे ही!" ती वडिलांना म्हणे. "दुसरं कोणी असतं तर ओळीओळीला कटकट केली असती, आता पुढे काय करू? हिला तोंड उघडायची सोयच नाही!"

अम्मा वाची, वाचेल तसं करी, आणि मध्येच तिचं बोट हवेत थांबे. पानात लिहिलेलं असे, 'वरच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करा', आणि कोपऱ्यात चिन्हं दोन. "अय्यो, दोन आहेत की! मज दिसलंच नव्हतं," म्हणत प्रीति ते वाक्य तिथल्या तिथं खोडून टाकी. स्वतःच्या वाक्यांवर तिची काडीची माया नव्हती. 'सोपं आहे' एवढं मात्र तिला कुणाच्याच लिहिण्यात खपत नसे. तमिळ पानांची व्यवस्था बघणारा मदुरैचा सेतू एकदा तसं लिहून बसला, तेव्हा तिनं त्याला फोनवर झाडलं होतं. "सोपं कोणाला, रे? आधीच अडलाय तो, वर त्याला मूर्खही म्हणतोस?"

शेवटचं पान पाळण्याचं गाणं कसं उतरवायचं त्याचं होतं. घरातला जुना पाळणा. हयग्रीवरावांनी, प्रीतीच्या अप्पांनी, लेकीला मांडीवर घेऊन म्हटलेला. त्याची गंमत अशी की टाळी पडते तेव्हा गाणारा गप्प असतो. अर्धी मात्रा रिकामी जाते, आणि मग पहिला स्वर येतो. ते पान तपासायचं त्या सकाळी प्रीतीला उठून बसवत नव्हतं. ती पलंगावर डोळे मिटून पडून राहिली. अम्मानं पान वाचत वाचत पाळणा उतरवला, बटण दाबलं, आणि तो वाजला तो अगदी घरच्यासारखा.

"कोठे अडलीस?" प्रीतीनं डोळे उघडले.

अम्मानं मान हलवली. कोठेच नाही.

लेक खूष होईल असं तिला वाटलं होतं. प्रीतीचे डोळे भरून आले. "म्हणजे तू शिकलीस, अम्मा. आता तू माझ्या काही कामाची नाहीस." मग आईचा चेहरा बघून तिनं हात पुढे केला. "हे पान तपासलंच गेलं नाही ग. कोणा नव्या माणसापुढे ठेवशील? त्याला सांगायचं नाही, त्याचा हात धरायचा नाही. तो अडेल तिथलं माझं वाक्य खोडायचं. दया करायची नाही. वचन दे."

नैवेद्य अजून व्हायचा होता. सीतालक्ष्मीनं काही न बोलता त्या तळहातावर आपला हात ठेवला. प्रीति त्यानंतर टेबलाशी बसली नाही.

आता मार्गळीत सेतूचा फोन आला. वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं तो तिला मामी म्हणे.

"मामी, नवी आवृत्ती निघतेय. प्रीतीचं पाळण्याचं पान आहे तसंच घालतो. खाली तिचं नाव. त्यातलं एक अक्षर कोणी हलवणार नाही, ते माझ्याकडे लागलं."

"कोणी तपासलंय का ते?"

"तपासायचं काय, मामी? तिनं लिहिलंय." तो जरा घुटमळला. "तुम्हांला काही बदलायचंच असेल तर रविवारपर्यंत सांगा. पण कशाला?"

फोन ठेवला तेव्हा सीतालक्ष्मीला आधी बरंच वाटलं. प्रीतीचे कपडे देऊन झाले होते. पलंग उचलला होता. खोलीतला औषधांचा वास, जो नकोसा वाटे, तोही आता शोधून सापडत नव्हता. जगाच्या एका कोपऱ्यात लेकीची वाक्यं जशीच्या तशी राहणार होती, कोणी हात लावणार नव्हतं. आणि वचन होतं ते नेमकं त्यांनाच हात लावायचं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. हयग्रीवराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. लेक गेल्यापासून त्या टेबलाजवळून जातानाही मान वळवून जात.

"मी बसतो," ते म्हणाले. "माझ्याइतका नवा माणूस तुज गावात मिळायचा नाही."

सकाळी ते चष्मा पुसून खुर्चीत बसले. सीतालक्ष्मी मागे उभी राहिली, मौनातच. "हा बाण कोठे पळतो ग सारखा? धरला की निसटतो. आमच्या हेड क्लार्कचाच भाऊ दिसतो." असं पुटपुटत ते एकेक ओळ करत गेले, आणि एका जागी त्यांचं बोट हवेत राहिलं. पानात होतं: 'पाळणा टाळीनंतर सुरू होतो. आता पहिला स्वर टाका, सोपं आहे.'

बोट बराच वेळ खाली येईना. तेव्हा सीतालक्ष्मीच्या ध्यानात आलं. स्वराच्या आधी रिकाम्या अर्ध्या मात्रेचं चिन्ह टाकावं लागतं. प्रीति ते सवयीनं टाकून जाई, म्हणून लिहायचं राहून गेलं होतं. आणि त्या सकाळी अम्माच्या शिकलेल्या हातानंही ते न सांगता टाकलं होतं. वर ते 'सोपं आहे'. दमलेल्या जीवानं लिहिलेलं.

हयग्रीवरावांनी स्वर टाकला, तो थेट टाळीवर. पुढचे सगळे स्वर त्याच्यामागून सरकले. बटण दाबल्यावर पाळणा वाजला तो लंगडत, जसा कोणी परक्यानं झुलवायला घेतलेला. हा पाळणा झोपेतही बिनचूक म्हणणारा माणूस तो शेवटपर्यंत ऐकत बसला.

"छान," ते म्हणाले. "सगळं कळलं. कोठेही अडलो नाही."

नैवेद्य झाल्यावर तिनं कॉफी त्यांच्यापुढे ठेवली.

"अहो, तुमचा हात थांबला होता."

"चष्मा सरकला होता."

"पाळणा चुकीचा वाजला. तुम्हांला कळलं ते."

"मग मी चुकलो. म्हातारा माणूस मी. तिचं नाही चुकलं."

"तिचंच चुकलं हो," सीतालक्ष्मी म्हणाली. लेक गेल्यापासून तिला पहिल्यांदाच बोल लावला होता.

हयग्रीवरावांनी कॉफीचा पेला डबऱ्याच्या वाटीत खडखडत ठेवला. "चुकू दे मग! तिच्या वाक्यावर काट मारायला तुझा हात कसा होतो? 'सोपं आहे' म्हणते ती तिथं. मज ऐकू येतं ते, तिच्या आवाजात. तेवढंही काढशील?"

"मजही येतं," ती हळूच म्हणाली.

कॉफी निवून तिच्यावर साय धरली. या घरातल्या कोणाकडूनही ते पान तपासून होणार नव्हतं. तिथं काय वाट्टेल ते लिहिलेलं असतं तरी ते दोघं गोड मानून घेणार. त्याला माणूस हवं होतं ते असं, ज्याची प्रीति कोणी नाही. असं माणूस आपण होऊन शोधायला जायचं या विचारानंच तिला गलबलून आलं.

तसं एक होतं. शरण्या, दारासुरमच्या एका विणकराच्या घरची नवी सून, सेलमहून आलेली. शुक्रवारी देवळात सीतालक्ष्मीशेजारी बसे. शेजारच्या मुलांना गाणी शिकवते म्हणाली होती. कागदावर कशी उतरवून द्यायची ते काही कळत नाही, म्हणाली. आणि मग सहज विचारलं होतं, "मामी, तुम्हांला मुलं किती?" सीतालक्ष्मीनं गाभाऱ्याकडे बोट दाखवलं होतं, "दीपाराधना लागली, बघ."

शनिवारी नैवेद्य झाल्यावर तिनं लॅपटॉप झाकणासकट कापडी पिशवीत घातला.

"कोठे?" हयग्रीवरावांनी विचारलं.

"दारासुरमला. शरण्याकडे."

"तिला ठाऊक आहे, कोणाचं पान ते?"

"नाही. सांगणारही नाही."

"ती हसेल ग. म्हणेल, कोणी लिहिलंय हे असलं!"

"म्हणू दे. सेतूला उद्या सांगायचंय."

ते उठले, चार्जरची वायर नीट गुंडाळली, गाठ बसू नये म्हणून रबर लावला आणि पिशवीत एका बाजूला सरकवून दिली. पिशवीचा बंद तिच्या खांद्यावर सारखा केला. दारापर्यंत मात्र आले नाहीत.

कोपऱ्यावर टाउन बस उभी होती. फुलांच्या टोपल्या घेऊन बायका चढत होत्या, त्यांना आधी जाऊ देऊन सीतालक्ष्मी शेवटी चढली. खिडकीशी जागा मिळाली. पिशवी तिनं मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि कंडक्टर जवळ आला तेव्हा "दारासुरम्" एवढंच म्हणाली.