मेंदीचं बोट

आमच्या घरी वजनकाटा आहे, रक्तदाबाचं मशीन आहे, दोन थर्मामीटर आहेत. त्यातला एक बंद पडलेला, पण दुरुस्त करीन म्हणून ठेवलाय. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर मात्र घरात येणार नाही, हे मी चार वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. कानाला खडा लावला होता म्हणा ना. आणि मी एकदा नाही म्हटलं की आमच्याकडे तो विषय संपतो. माझा स्वभाव तापट आहे, हे मीच सांगून टाकतो. शेजाऱ्यांना विचारायची गरज नाही.

या जानेवारीपासून गोपिकेला, माझ्या बायकोला, जिना चढताना धाप लागायला लागली. छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि सांगितलं, फुप्फुसं आखडत चालली आहेत. औषधं चालू ठेवा. घरी ऑक्सिमीटर ठेवा, रोज बघा, आणि नव्वदच्या खाली गेलं की विचार करत बसू नका, घेऊन या. मी मान हलवली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "जाता जाता सीताबर्डीवरून घेऊन टाकू का जी?" मी स्कूटर चालू केली.

मग पुण्याहून मुलीचा, मिनलचा फोन आला. "बाबा, काहून नाही घेऊन राहिले तुम्ही?"

"ते मशीन माणसाले भेव घालते. दिवसभर बोटाकडं पाहत बसन तुझी आई."

मिनलने पार्सलने पाठवून दिलं. मी डबा न उघडता कपाटावर टाकला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी ताकाचं भांडंच वर ठेवून दिलं.

पण मुलीला जे सांगितलं ते खोटं होतं. भीती गोपिकेला नव्हती, मला होती. का, ते सांगतो.

माझं काम कूलर-मिक्सर दुरुस्तीचं. सीताबर्डीच्या एका बोळात दुकान आहे, तीस वर्षं झाली. दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये ते बंद होतं, सगळंच बंद होतं. घरात आम्ही तिघं: मी, गोपिका आणि माझी माय, रंभाबाई. तिघांनाही ताप आला. आम्ही दोघं चार दिवसांत उठून बसलो. मायचा तापही उतरला, पण ती भिंतीला टेकून बसायची आणि एक वाक्य दोनदा थांबून बोलायची.

माय कुही गावाकडची. तिकडच्या बांधावरचा मेंदीचा वाळलेला पाला दरसाल चैत्रात कुणाच्या तरी हाती यायचा. ऊन तापलं की ती बोटांसकट तळहातांना आणि तळपायांना मेंदी थापायची. नटण्यासाठी नाही, अंगातली उष्णता ओढून घेते म्हणून. त्या वर्षी पाला आधीच येऊन पडला होता. गोपिकेने तो वाटला, आणि सासू-सुनेने एकाच वाडग्यातली मेंदी लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी, तापात आणून ठेवलेलं ऑक्सिमीटर मी मायच्या बोटाला लावलं. आकडा आला चौऱ्याऐंशी.

दुसरं बोट लावलं, त्र्याऐंशी. पुन्हा पहिलं, चौऱ्याऐंशी.

"मले काई नाई झालं गा, शालिक," माय म्हणाली. मग थांबली. "जरासाक थकवा हाये."

तेव्हा मी हसलो. खरंच हसलो. पेपरात वाचलं होतं की नखपॉलिश किंवा मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो, आणि मी पडलो मशीनवाला माणूस. म्हटलं, "माय, तुझ्या बोटाले मेंदी आहे. यातला लाल उजेड बोटातून आरपार जाते, त्याच्यावरून हे मोजते. मेंदीच्या रंगात तो अडकून राहिला. आकडा खोटा आहे." रंग आठ दिवस जाणार नव्हता. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

मी मोरीत तोंड धुऊन आलो, तेव्हा गोपिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मी काय म्हणते जी," तिने सुरुवात केली.

"तू गप राहा वं. मशीनचं तुले काय समजते?"

ती आत वळली.

आता हेही सांगायला हवं की आमच्या गल्लीतली दोन माणसं त्या आठवड्यात दवाखान्यात गेली होती आणि परत आली ती फक्त बातमी होऊन. खाट मिळत नव्हती. मायला तिथे नेऊन सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं. आकडा मेंदीमुळे खोटा ठरला तर मायला घरीच ठेवता येणार होतं. म्हणून मी तो खोटा ठरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे ओठ निळे पडले. गाडी मिळेपर्यंत दुपार झाली, आणि दवाखान्याच्या फाटकापाशी पोचेपर्यंत माय गेली होती. तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळण्याआधी मला तिचे तळवे दिसले. लालभडक रंगले होते. सासूचा जीव असला की सुनेची मेंदी रंगते, असं ती गोपिकेला चिडवायची. त्या दिवशी तिचीच रंगली होती.

त्यानंतर आमच्या घरात मेंदी आली नाही. ऑक्सिमीटर मी सेल काढून दुकानाच्या खालच्या खणात टाकलं, वर जुन्या मोटरींची तांब्याची तार टाकली. पण मे महिन्यातल्या दुपारी सीताबर्डीवर चिटपाखरू नसतं, पंखाही बंद असतो, आणि अशा वेळी मला त्या खणातून आवाज येतो. टुक, टुक. मायच्या बोटावर वाजायचा तसा, जरा घाईतला. तीन-चारदा तरी मी सगळी तार उपसून ते मशीन हातात घेतलंय. काळं, मुकं, सेल नसलेलं. परत ठेवलं की पुन्हा टुक, टुक. आणि चौऱ्याऐंशी तर कुठेही भेटतो. ऑटोच्या नंबरात, बँकेच्या टोकनावर, व्होल्टमीटरवर काटा चढता चढता नेमका तिथे अडखळतो. भूतखेत मी मानत नाही. पण दुपारी खणाकडे पाठ करून बसत नाही, हेही खरं.

यापेक्षा वाईट एक गोष्ट आहे, ती मी कुणालाच सांगितली नव्हती. माझ्या उस्तादाने मला पहिल्या आठवड्यात एक नियम शिकवला होता. मीटरवर शंका आली ना, तर आधी तो नव्या सेलवर लावून पाहायचा. नवा सेल बरोबर दाखवला तर मीटर खरा, आणि बिघाड तू तपासतोयस त्या वस्तूत. तीस वर्षं मी रोज हे करतो. मायच्या तेरवीच्या दिवशी पान वाढताना मला ते आठवलं आणि हातातली पळी थांबली. गोपिकेच्या हाताला त्याच वाडग्यातली मेंदी होती. ती ठणठणीत होती. माझ्यापासून दोन पावलांवर होती. मशीन तिच्या बोटाला लावायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी तेव्हा लावलं नाही, आणि नंतरही कधी कुणाच्या मेंदीच्या बोटाला लावून पाहिलं नाही. जोवर पाहिलं नव्हतं तोवर मेंदीचा दोष असण्याची शक्यता शिल्लक होती. त्या शक्यतेवर मी चार वर्षं जेवलो आणि झोपलो. ते मशीन घरात आलं तर एक दिवस मी तपासून पाहीन, एवढीच मला भीती होती.

गेल्या मंगळवारी दुपारी दोनला जेवायला घरी आलो. दार ढकललं आणि वास आला. वाटलेल्या मेंदीचा. माझे पाय उंबऱ्यावरच थांबले. कूलरच्या बाजूला, मायच्या जागेवर, भिंतीला टेकून एक बाई बसली होती आणि तिचा तळहात लाल होता.

"माय?" मी म्हणून गेलो.

"मी आहो जी," गोपिका म्हणाली.

मग माझा पारा चढला. "काहून लावली मेंदी? कोणी सांगितलं होतं तुले?"

"काल रात्री भिजवली, सकाळी लावली. एकाच हाताले लावली, पाहा." तिने दोन्ही हात पुढे केले. उजवा लाल, डावा कोरा. मांडीवर मिनलने पाठवलेला डबा उघडा पडला होता. "डॉक्टर रोज पाहाले सांगून राहिले आणि तुमी डबा कपाटावर ठेवून राहिले. मले जगायचं आहे जी. काय भेव आहे तुमचं, ते आज पाहून घेऊ. लावा."

मी नाही म्हणालो. मी ओरडलो. जेवायला वाढ म्हटलं. ती बसून राहिली, धापा टाकत, हात पुढे धरून. शेवटी मी खाली बसलो. आधी कोऱ्या बोटाला लावलं. दोनदा निसटलं. चौऱ्याण्णव. मग लाल बोटाला लावलं. आकडा थोडा खाली-वर झाला, टुक टुक वाजत राहिला आणि थांबला.

चौऱ्याण्णव.

मी ते काढून परत लावलं. तेच. मायचा चौऱ्याऐंशी खरा होता. चार वर्षं मेंदीच्या आड लपलो होतो, आता आड काही उरलं नाही. मी तिच्यासमोर, जमिनीवर, लहान पोरासारखा रडलो.

गोपिकेने मला रडू दिलं. मग म्हणाली, "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्या दिवशी तुमी मोरीत गेले तवा मी माह्या बोटाले लावून पाह्यलं होतं. सत्त्याण्णव आला. तेच सांगाले दारात आली होती."

मला तो दरवाजा दिसला. ती उभी होती ती जागा दिसली. मी काय म्हणते जी. तू गप राहा वं.

"मंग पुन्हा काहून नाही सांगितलं?"

"तुमचं भेव वाटलं," ती साधेपणाने म्हणाली. "आणि मंग माय गेली. गेल्यावर सांगून तुमाले काय देणार होती मी? मलेही आवाज येते जी. तुमी मोरीतून निघाले की अजून वाटते, आता सांगून टाकते, अजून टाइम आहे."

चार वर्षं मी समजत होतो की माय एकट्या माझ्या मागे लागली आहे. ती या घरात दोघांकडे येत होती, आणि आम्ही एकमेकांपासून लपवत होतो. त्यातलं माझं पाप मोठं. तिच्या तोंडाला कुलूप मीच घातलं होतं.

"मशीन ठेवा का नका ठेवू," गोपिका म्हणाली, "पण आता मी बोलीन तवा मले बोलू द्या."

मशीन राहिलं. देवघराशेजारच्या फळीवर ठेवलंय. रोज चार वाजता मी लावतो आणि आकडा ती वाचते. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव.

काल तिने वाचला, "एकोणनव्वद."

कूलर तिच्या अंगावरच होता. तिची बोटं गार होती. गार बोटांना हे मशीन कमी दाखवतं, पत्रकात तसं लिहिलंय, मी वाचलंय. ते वाक्य माझ्या जिभेवर पूर्ण तयार होऊन आलं, आणि माझ्यामागे, भिंतीच्या बाजूने, कुणीतरी एक वाक्य दोनदा थांबून बोलल्यासारखं मला वाटलं. मी वळून पाहिलं नाही.

"उठा जी," गोपिका म्हणाली.

मी उठलो. तिच्या चपला तिच्यापुढे ठेवल्या आणि ऑटो आणायला गेलो.