डाव्या शेपटीची गाठ

रोशनीच्या बापसाला आपल्या गाठीचा भारी गर्व. उरणच्या मोरा बंदरावर होड्या-जाळी बांधून हात बसलेला, आणि आता पनवेलच्या गोदामावर हमालांच्या टोळीचा मुकादम. बुधाजी मुकादमानं आवळलेली ताडपत्री घाटात सुटत नाय, असं डायवर सांगायचे. सांगायचे कसले, चढवून ठेवायचे मेले! गोदामाच्या फाटकात माझी चहाची टपरी, त्यामुळं सगळं कानावर यायचं. किटली घेऊन फलाटावर गेले की पहिला कप मुकादमाला, हा नेम.

त्र्याण्णव सालात शैलेश नावाचा डायवर, उरणचाच, आमच्याच कोळ्यांतला, सरळ ह्यांच्यापुढं येऊन उभा राहिला. "काका, रोशनीला मागणी घालतो."

हमाल डोक्यावरच्या गोणीसकट थांबले. ह्यांनी मान पण वर केली नाय. "माझी गाठ न कापता सोडव. दोर अख्खा परत आण, मग बोल."

आता ती गाठ म्हणजे माझ्या सासऱ्यांची. दोराची शेपटी उजवीकडं बाहेर ठेवायची. नेमकी ओढली तर सुटते, चुकून वाकडी ओढली तर अजूनच आवळते. शैलेश नाशिकला माल उतरवून आला तो कापलेला दोर घेऊन, मालकाच्या शिव्या खाऊन. हे दिवसभर हसत होते. मला असला राग आला! एकुलती एक पोर, जेवणखाण टाकून बसलेली, आणि ह्यांना खेळ सुचतोय.

पुढच्या खेपेला दोर अख्खा आला. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं.

"कुणीतरी सोडवून दिली असंल. हितं बांध, माझ्यासमोर!"

शैलेशनं ट्रक फलाटाला लावला, चाकाखाली दगड सारले, ताडपत्री ओढली आणि भराभर दोर आवळला. टोळीतला जगन दोराला लोंबकळून आला. गाठ जागची हलली नाय. सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. हे जवळ गेले आणि गाठीवर वाकले. शेपटी डावीकडं होती.

अख्ख्या मोऱ्यात डावखुरी गाठ मारणारी एकच, आमची रोशनी. मी उगाच किटलीत डोकावत राहिले.

"कुटं शिकलास?" हे ओरडले.

मी शैलेशला डोळ्यांनी दटावलं. पण खरं बोलायची खोड ना मेल्याला! "तुमच्याच ओटीवर, काका. तुमी हिकडं रातपाळीला असताना. मावशींनी दोर धरलेला."

टोळी माझ्याकडं बघून खो खो हसत सुटली. हे लालबुंद. "ही काय गाठ झाली? आत्ता सोडतो!" म्हणून त्यांनी शेपटी खेचली. सवय उजव्या बाजूची. गाठ आवळली. पुन्हा खेचली, अजून आवळली. घाम फुटला, पण हट्ट सोडतील तर शपथ.

जगन गरीब चेहरा करून म्हणाला, "मुकादम, सुरी देऊ?"

"गप रं!"

शेवटी हे गोणीवर बसले आणि बराच वेळ बोटं चोळत राहिले. मग हळूच शैलेशला म्हणाले, "सोडव. आनी रविवारी आई-बापसाला घेऊन ये."

शैलेशनं दोन बोटांनी गाठ सोडवली. मी किटली घेऊन पुढं झाले. ह्यांनी सवयीनं हात पुढं केला.

पहिला कप मी जावयाला दिला.